ट्रॉलीची उचल

‘आत्ता हे काम कोण करून राहिलंय?’

काम घेऊन आलेल्या प्रत्येकाला मिस्त्रीचा पहिला प्रश्न हाच असायचा. लोखंड किती लागेल, कधी मिळेल, हे नंतर. आधी तो माणूस दाखवा. विहिरीवरचा रहाट असो की पिठाची गिरणी, ते काम रोज करणारे हात पाहिल्याशिवाय तो पाना हातात घेत नसे.

मी तेव्हा नांदेडच्या एका दैनिकाचा लातूरचा बातमीदार होतो. माझी खोली औशाच्या रस्त्याला, त्याच्या वर्कशॉपच्या समोर. एकदा टाइपरायटर अडकू लागला म्हणून त्याच्याकडे नेला. त्याने मलाच स्टुलावर बसवलं आणि म्हणाला, ‘हाणा.’ मी दोन बोटांनी एक वाक्य टाइप केलं. तो यंत्राकडे नव्हे, माझ्या मनगटांकडे पाहत होता.

‘साहेब, मशीन चांगलं हाय. तुमी टिकाव मारल्यावानी मारून राहिले.’

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याकडे आपली वस्तू नेली की ते आपल्यालाच तपासतात.

जिल्हा नवा झाला होता आणि पाऊस नव्हता. एकीकडे नव्या कचेऱ्यांच्या जागांवर मुरूम पडत होता, दुसरीकडे टँकरच्या वाटेवर घागरी मांडलेल्या होत्या. माझ्या बातम्या या दोन विषयांपलीकडे फारशा जात नसत.

त्या दिवसांत मुरूडचे एक आडत व्यापारी मिस्त्रीकडे आले. सगळे त्यांना आप्पा म्हणत. मुरूम टाकायचं काम त्यांच्याकडे होतं. ट्रॅक्टर एक, ट्रॉली एक. ट्रॉलीचा हौदा हाताने उलटायचा.

‘हिला जॅक बसवायचा,’ आप्पा म्हणाले. ‘ड्रायव्हरनं बसल्या जागी मूठ ओढली की हौदा वर गेला पाहिजे.’

‘आत्ता कोण करून राहिलंय?’

‘चौघं हायत. त्यांचं काय?’

‘बघाया पायजेत.’

तो पाहायला गेला, मीही गेलो. आधी फावड्यांनी थोडा मुरूम मागे ओढला जाई. मग हौद्याच्या पुढची पिन काढून चौघं खाली शिरत आणि खांद्यांनी हौदा वर रेटत. बराच वेळ तो हलत नसे. हलला की एकदम मागे कलंडे. चौघांत गणपत वयाने मोठा. त्याच्या ‘हां!’वर बाकीचे जोर लावत. मिस्त्रीने डोक्यावरची टोपी माझ्याकडे दिली आणि पाचवा होऊन आत शिरला. बाहेर आला तेव्हा त्याला धड बोलता येत नव्हतं.

‘जॅक ढकलतो, धरत न्हाई,’ परत येताना तो म्हणाला. ‘कलंडायच्या वक्ताला मागून साखळी पायजे.’

जुना जॅक त्याने नांदेडच्या भंगारातून आणला. हौद्याखाली आडवी तुळई टाकली, जॅकचा पाय चासीला जोडला, ट्रॅक्टरच्या पंपातून ऑइलचा पाईप मागे आणला. कलंडणारा हौदा अडवायला साखळी लावली. आठ दिवस लागले.

या आठ दिवसांत एका शब्दाने घोळ केला. आप्पा चहाच्या टपरीवर म्हणाले होते, ‘ट्रॉलीवर उचल देऊन राहिलोय.’ यंत्राने वर उचलण्याची सोय, एवढाच त्यांचा अर्थ. पण आपल्याकडे मजुराला कामाआधी जी आगाऊ रक्कम मिळते तीही उचलच. बोलणं मुरमाच्या खाणीवर पोचेपर्यंत त्याचा अर्थ बदलला होता. चौथ्या दिवशी चौघं वर्कशॉपच्या दारात येऊन उभे राहिले. धुतलेले कपडे घालून.

‘मिस्त्री, आप्पा हितं येणार हायत का?’ गणपतने विचारलं. ‘ट्रॉलीवरल्यांना उचल देऊन राहिलेत म्हणं.’

मिस्त्री जॅकला ग्रीस लावत होता. त्याने हात पुसले.

‘गणपत, उचल ट्रॉलीला हाय. तुमाला न्हाई.’

चौघांतला एक हसला. त्याला ती चेष्टा वाटली. गणपतने मात्र वाकून हौद्याखाली पाहिलं. ज्या जागी ते खांदे लावत, बरोबर त्या जागी जॅकचं डोकं होतं.

‘म्हंजे आमी न्हाई,’ तो म्हणाला. थोड्या वेळाने, ‘लई चांगलं बसवलंस.’ हे टोचून बोललं की मनापासून, मला सांगता येणार नाही. त्या साली आसपास दुसरं काम नव्हतं.

चाचणीच्या दिवशी मुरूम भरलेली ट्रॉली वर्कशॉपसमोर आली. ती भरून चौघंही मुरमावर बसून आले होते. आप्पा आले, ड्रायव्हर चढला. जॅक चालवणाऱ्या वॉल्व्हला मूठच नव्हती.

‘मूठ कुठाय?’

‘खिशात,’ मिस्त्री म्हणाला.

‘मग लाव की.’

‘आप्पा, हौदा दोन मिनिटात खाली झाल्यावर काय करणार तुमी?’

‘दुसरी खेप.’

‘ती भरणार कोण? दिवसाच्या चार खेपा करून राहिले, सात होतील. सात खेपा भरायला चार माणसं लागतात. का ड्रायव्हर भरणार?’

ड्रायव्हर म्हणाला, ‘आपल्याला न्हाई जमत ब्वा.’ रस्त्यावरची माणसं हसली.

आप्पा चिडले. ‘मिस्त्री, तू लोखंडाचं बोल. माणसांचं मी बघतो.’

‘लोखंडाचंच बोलून राहिलो. भरलंच न्हाई तर उलटायचं काय? चौघं भरायला राहतील म्हणा, मूठ लावतो.’

आप्पा हिशेबी माणूस होते. त्यांनी एकदा चौघांकडे, एकदा जमलेल्या लोकांकडे पाहिलं. ‘हाव, राहतील. लाव.’

मूठ बसली. हौदा संथपणे वर गेला, साखळी ताणली गेली, मुरूम एका दमात खाली आला. गणपत सवयीने उजवा खांदा पुढे करून दोन पावलं गेला होता. मग थांबला आणि हात कुठे ठेवावेत हे न कळून त्याने ते पाठीमागे बांधले.

मी चार ओळींची बातमी दिली. लातूरच्या कारागिराने हाताने उलटायच्या ट्रॉलीला जॅक बसवला, वेळ वाचला. मिस्त्रीने ती माझ्याकडून वाचून घेतली आणि विचारलं, ‘चौघं कुठं हायत यात?’ जागा नव्हती, मी म्हणालो. खरं तर मला सुचलं नव्हतं.

आप्पांनी शब्द पाळला. चौघं खाणीवर भरत राहिले. पुढच्या उन्हाळ्यात आप्पा पुन्हा आले. ट्रॅक्टरच्या पुढे लोखंडी सूप बसवायचं, जॅकनेच खाली-वर होणारं. मुरूम तेच उचलून ट्रॉलीत टाकेल.

मिस्त्रीने ट्रॅक्टरभोवती दोन फेऱ्या मारल्या. बराच वेळ पुढच्या चाकांशी उकिडवा बसला.

‘आपल्याला जमत न्हाई, आप्पा.’

‘तुला? जॅक बसवला की तू!’

‘ते येगळं. हे न्हाई जमत.’

‘म्हातारा झालास मिस्त्री,’ आप्पा म्हणाले आणि नांदेडचं वर्कशॉप शोधायला गेले. तिथे त्यांना कुणी करून दिलं नाही. मुरमाचं काम संपेपर्यंत चौघं भरत होते. मिस्त्रीला जमलं नाही ही गोष्ट मात्र बाजारभर झाली. लोक अवघड कामं दुसरीकडे नेऊ लागले. त्याच्याकडे कड्या-कोयंडे राहिले. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाला, ‘समद्यांनाच समदं येतं का, साहेब?’

दोन वर्षांनी तो भोकरला मुलीकडे गेला. तिकडेच वारला. मला पंधरा दिवसांनी कळलं.

त्याच्या जागेत सायकलवाला येणार होता. रंग द्यायच्या आधी त्याने मला बोलावलं, ‘हे बघा, काय काढून ठेवलंय.’ दाराच्या आतल्या फळीवर मिस्त्रीने खडूने ट्रॅक्टर काढला होता. पुढे सूप, त्याचे दोन हात, दोन जॅक, पिनांची जागा, पाईपची वाट. प्रत्येक भागाशेजारी इंच आणि सूत लिहिलेलं. मला त्यातलं कळत नाही, म्हणून शेजारच्या टर्नरला आणून दाखवलं. तो बराच वेळ पाहत राहिला.

‘ह्यात काहीच राहिलं न्हाई,’ तो म्हणाला. ‘फकस्त बनवायचं.’

सायकलवाल्याने विचारलं, ‘पुसू का?’