देवाच्या दिव्याचे तेल

खवट खोबरेलाचा वास नाकात गेला, की ठाकुर्लीकडचे ते प्रकरण मला अजून जसेच्या तसे आठवते. मी तेव्हा कल्याण ठाण्याचा फौजदार होतो. खाडीकाठच्या एका गावातून पोलीस पाटलाचा माणूस सकाळीच वर्दी घेऊन आला. मिठागरावर राबणाऱ्या घरातला म्हातारा तांदळाचे वडे खाऊन ओकून ओकून मेला होता, मुलगा अंथरुणात तळमळत होता, आणि वडे तळणाऱ्या सुनेनेच विष घातले असा गावभर बोभाटा होता.

पंचनाम्यात सगळे सुनेच्या विरुद्ध गेले. कढईतले तेल हिरवट होते. गोठ्याच्या कोनाड्यात मोरचुदाची पुडी सापडली. ती बैलाच्या खुरांसाठी आणल्याचे सून म्हणाली, पण ऐकतो कोण? शिवाय तिने स्वतः वडा तोंडात घातला नव्हता.

"का जेवली नाहीस?" मी दरडावून विचारले.

"बाप्ये जेवल्याबिगर सून जेवतं का, सायब?" ती म्हणाली. "आयनं तेल दिला, मीनी वडे तलले. मना दुसरा काय ठाव नाय."

त्या आयला, म्हणजे सासूला विचारले. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी ताजा तेल दिला व्हता, घान्यावरचा. हिनंच कायतरी घातला."

सुनेला कोठडीत ठेवले आणि मुद्देमाल सीलबंद करून मुंबईच्या सरकारी रसायनशाळेत पाठवला. तेलात तांबे आहे, असा अहवाल आला. मोरचुदातही तांबेच असते. आमच्या हवालदाराने हात झटकले. "साहेब, आता राहिलं काय? पाठवा ठाण्याच्या कोर्टात."

मला ते पटेना. मोरचूद तेलात घातला असता तर खाली काही गाळ दिसायला हवा होता. कढईतले तेल तळापर्यंत सारखे हिरवे आणि नितळ होते. मी घरी ताजे खोबरेल घेतले, मोरचूद कुटून त्यात टाकला आणि ते चुलीवर चढवले. चूल बाटवली म्हणून बायकोची बोलणी खाल्ली, पण मोरचूद काही विरघळला नाही. तेल होते तसे राहिले आणि पूड तळाशी बसली. एका बाईच्या जिवाचा प्रश्न होता, तेव्हा अर्धवट कळलेल्या गोष्टीवर सही करणे माझ्याने होणार नव्हते.

मी स्वतः मुंबईला गेलो. रसायनशाळेतल्या अधिकाऱ्याने माझे ऐकून घेतले आणि जप्त तेलाचा वास घ्यायला लावले. बोकडाच्या अंगाला येतो तसा उग्र दर्प होता. तो म्हणाला, "खोबरेलात काही हलकी आम्ले बांधलेली असतात. तेल जुने झाले, ओल लागली, की ती मोकळी होतात. त्यातल्या एकाला तर विलायतेत बोकडावरूनच नाव दिले आहे. ही आम्ले तांब्याच्या भांड्याला खातात, आणि जे तयार होते ते हिरवे असते, तेलातच विरघळते." तेल ताजे की खवट, हे पापडखाराने कसे ओळखायचे तेही त्याने दाखवले.

परतल्यावर मी थेट त्या घराच्या देव्हाऱ्यापुढे उभा राहिलो. तिथे दिव्याचे तेल ठेवायची तांब्याची एक चरवी होती, चिंचेने घासून लखलखीत केलेली. काठाच्या वळणाखाली बोट फिरवले तर हिरवे लागले. आत कल्हई नव्हती. देवाच्या भांड्याला कल्हई करत नाहीत, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असते. सासूचा, म्हणजे त्या म्हातारीचा, देवापुढे दिवा तेवत ठेवण्याचा नवस नुकताच फिटला होता आणि दिव्याचे उरलेले तेल टाकायचे नसते, घरातच वापरायचे असते, हेही सगळ्यांना ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी सासू-सुनेला चावडीत आणवून पंचांसमोर दोन वाट्यांत पापडखाराचे पाणी घेतले. एकीत ताजे खोबरेल घातले. ते वर तरंगत राहिले. दुसरीत जप्त तेल घालून ढवळले. ते साबणासारखे फेसाळले.

"आजी, हे तेल घाण्यावरचे ताजे नाही," मी म्हणालो. "चरवीतले आहे."

म्हातारीने फेसाळलेली वाटी उचलून नाकाशी नेली. मग ती खाली ठेवली. "मीच दिला," ती म्हणाली. "देवाचा तेल, त्यात इख आसल आसा कसा म्हनू? म्हनला आसता, तर माज्या हातानं दादला मेला आसा झाला आसता."

त्या घटकेला मला तिचा संताप आला, हे लपवत नाही. स्वतःला सोसवेना म्हणून तिने सुनेला फासाच्या वाटेवर उभे केले होते. तरी ती दुष्ट नव्हती, घाबरलेली होती. नोकरीत मला अट्टल बदमाश थोडे भेटले आणि अशी माणसे पुष्कळ. पुरावा खोटे बोलत नाही असे आम्ही पोलीस म्हणतो, पण तेलातले तांबे खरे असूनही आम्ही एका निरपराध बाईला खुनी ठरवायला निघालो होतो. तेव्हापासून अहवाल हाती आला की ती वस्तू कुठून आली हे मी आधी विचारू लागलो.

मी सुनेला सोडण्याचा हुकूम दिला. म्हातारी माझ्या पायांशी वाकून रडत होती. "सायब, खरा सांगा, त्याला कुनी मारला? देवानं का मी?"

कोर्टासाठी मी 'अपघाती मृत्यू' असे लिहिणार होतो.  सून तिच्याजवळ जाऊन बसली आणि तिचा पदर नीट करत म्हणाली, "आय, तेल तू दिला, तलला मी, वाढला पन मी. एकटीवर नको घेव. उठ, दुखन्यातून उठलेला तुजा पोर घरी एकला हाय."