हलका पंप, जड पंप

इंजिन नर्मदेच्या मधोमध बंद पडलं. पाडलं मीच. बॅटरीकडून पंपाला जाणारी बारीक तार हाताने उपटली आणि आवाज थांबला.

"ये क्या किया भाईसाब?" जगदीशने सुकाणू सोडलं नव्हतं, पण आता त्याचा उपयोग नव्हता.

"समझ लो तार टूट गई. अब क्या करोगे?"

नावेत आम्ही दोघंच होतो. अंगात लाइफ जॅकेट होती आणि दिवस हाटाचा, म्हणजे आठवडी बाजाराचा, नव्हता. एवढं मी ठरवून केलं होतं. वारा मात्र माझ्या हिशेबात नव्हता. धरणाच्या डूबमध्ये, म्हणजे बुडित क्षेत्रात, गेलेल्या गावाच्या ताडांचे वाळके बुंधे समोर पाण्याबाहेर उभे होते आणि नाव आडवी होऊन त्यांच्याकडे सरकायला लागली.

ही वेळ का आली ते सांगतो. जगदीश डही गावाकडच्या एका घाटावरून नाव चालवतो. पलीकडच्या वस्तीतली माणसं हाटाला आणि दवाखान्यात त्याच नावेने येतात. जुनं इंजिन संपलं तेव्हा त्याने अपघातातल्या एका ट्रकचं इंजिन आणलं. ते कॉमन रेल होतं. म्हणजे डिझेल कधी आणि किती सोडायचं ते कंप्यूटर ठरवतो. ट्रकचं सगळं वायरिंग सोबत नसेल तर तो कंप्यूटर चालत नाही. तेव्हा इंजिन मेकॅनिकल इंजेक्शन पंपावर कन्व्हर्ट करायचं ठरलं. याच इंजिनाचं जुनं मॉडेल तशा पंपावर चालायचं, त्यामुळे लागणारे भाग मिळत होते.

हे काम जगदीशने देवासला माझ्या थोरल्या भावाला, दादाला, दिलं होतं. दादाची तिथे डिझेल पंपांची लॅब आहे. त्याने रोटरी पंप निवडला, टेस्ट बेंचवर स्वतः सेट केला, आणि इंजिन पाण्यात उतरायच्या आत तो गेला. तेराव्यानंतर राहिलेलं काम माझ्याकडे आलं. मी पीथमपुरला एका कारखान्यात इंजिन टेस्टिंगमध्ये होतो. आता निवृत्त आहे.

नावेत रोटरी पंप पाहून मी थबकलो. हा पंप लहान आणि हलका. आत दाब देणारी दट्ट्यांची एकच जोडी, तीच सगळ्या सिलिंडरना डिझेल वाटते. त्याला वंगण डिझेलचंच. डिझेलमध्ये पाणी गेलं तर तो जाम होऊ शकतो, आणि जाम झाला तर अख्खं इंजिन थांबतं. शिवाय त्यावर एक सोलेनॉइड असतो, म्हणजे विजेवर उघडी राहणारी झडप. वीज गेली की झडप मिटते आणि डिझेल बंद. शेतात पाणी उपसायच्या इंजिनाला याने काही बिघडत नाही. दुसरा प्रकार इनलाइन पंप. त्यात प्रत्येक सिलिंडरला वेगळा प्लंजर म्हणजे दट्ट्या, वंगण इंजिन ऑइलचं, बंद करायला हाताने ओढायची केबल. बॅटरी मेली तरी तो चालत राहतो. पण आकाराने मोठा आणि वजनाला भारी.

घाटावरच मी जगदीशला म्हणालो होतो की पंप बदलावा लागेल.

"दादा के हाथ का आखिरी काम है," तो म्हणाला. "इसको तो मैं अगरबत्ती लगाता हूँ. आप बदलने की बात करते हो."

"दादा को बताया था," मी विचारलं, "कि इंजन नाव में लगेगा?"

"पहले ही दिन. फोटो भी दिखाया था."

या उत्तराने माझी झोप गेली. दादा असली चूक करणारा माणूस नव्हता. मग वाटलं, चूक माझीच होत असेल, उगाच त्याच्या माघारी त्याचं काम खोडतोय. म्हणून ही ट्रायल.

बुंधे आता अगदी जवळ आले. मी तार परत जोडायला वाकलो तर तिचं टोक माझ्या ओढण्याने तुटून आलेलं. जगदीशने बल्ली, म्हणजे नाव ढकलायचा लांब वासा, उचलली, पुढच्या बुंध्याला टेकवली आणि सगळं अंग तिच्यावर टाकलं. नाव घासत, करकरत बाजूने निघाली. एक फळी चिरली. मी दातांनी तार सोलून बसवली, तेव्हा कुठे इंजिन सुरू झालं.

जगदीशने नाव घाटाला लावली. मग बल्लीकडे बघत म्हणाला, "हाट के दिन इसको घुमाने की जगह नहीं रहती, भाईसाब."

"तो?"

"तो बदल दो."

देवासला परतल्यावर मी लॅबमधला एक इनलाइन पंप सेट करायला घेतला. जमिनीवरून बेंचवर चढवताना तो छातीशी धरला आणि मध्येच अडकलो. दारातून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, खाली ठेवा. पाठ धरेल."

"दादा तर एकटाच उचलायचा."

"दिवाळीनंतर नाही उचलला. जड पंप आला की गिऱ्हाइकाला सांगायचे, वेळ नाही, दुसरीकडे दाखवा. धाप लागायची. कुणाला सांगू नकोस म्हणाले."

"मला तरी सांगायचं."

"तुम्हांला तर मुळीच नको म्हणाले."

मी पंप खाली ठेवला आणि स्टुलावर बसलो. जगदीश फार लांबून आला होता, त्याला परत पाठवणं दादाला जमलं नसणार. मग त्याने उचलता येईल तो पंप निवडला, आणि जीव ओतून सेट केला. सेटिंगमध्ये मला कुठेही खोट सापडली नव्हती.

"तो काढताय ना नावेतला?" वहिनींनी विचारलं.

"काढावा लागेल."

"काढा. माणसं बसतात त्यात." त्यांनी पदर खोचला आणि पंपाची दुसरी बाजू धरली. आम्ही दोघांनी मिळून तो बेंचवर चढवला.

इनलाइन पंप बसला. पावसाळ्यात एका हाटाच्या दिवशी जगदीशचा फोन आला. "भाईसाब, बैटरी की तार टूट गई थी. कब टूटी, पता नहीं. किनारे आके हॉर्न दबाया, बजा नहीं, तब देखा."

"सवारी?"

"सब उतर के हाट चली गईं. किसी को क्या मालूम."

हल्ली दादाच्या लॅबमध्ये मीच बसतो; कुणी पंप निवडायला आलं की मी दोन गोष्टी विचारतो. इंजिन बंद पडलं तर त्या वेळी माणसं कुठे असतील, आणि आधी ज्याने पंप सुचवला त्याची तब्येत कशी आहे. दुसऱ्या प्रश्नाला लोक हसतात. मी उत्तर मिळेपर्यंत थांबतो.