एस्किल्डचा डावा खिसा

एस्किल्ड टॉफ्टचा डावा हात मी चाळीस वर्षांत फारसा पाहिलेला नाही. तो कायम खिशात असायचा. आमच्या लेमविग गावच्या पाद्र्याला वाटायचं, माणूस उर्मट आहे. तसा तो होताच, पण खिशाचं कारण वेगळं. पडद्यावर विजेची हिरवी रेघ दाखवणारी जुनी धूडं, म्हणजे ऑसिलोस्कोप, तो दुरुस्त करायचा. आत दहा हजार व्होल्ट. दोन्ही हात आत घातले की वीज एका हातातून दुसऱ्यात जाते, आणि वाटेत काळीज लागतं. म्हणून उजवा कामाला, डावा खिशात.

यंदा त्या काळजात पेसमेकर बसला. डॉक्टर म्हणाले, हे उद्योग बंद. एस्किल्डने मान डोलावली, म्हणजे ऐकलं नाही. त्याची बायको गुद्रुन असल्या मानेला भुलणारी नव्हे. भांडली नाही. त्याच्या सगळ्या विजारींचे डावे खिसे तिने दुहेरी दोऱ्याने शिवून टाकले.

आमचा जुन्या यंत्रांच्या हौशींचा क्लब दरवर्षी प्रदर्शन भरवतो; नेमका त्याच आठवड्यात क्लबचा म्हातारा स्कोप रुसला. दहा मिनिटं चालायचा, तापला की रेघ फुगायची आणि गायब. आम्ही अकरा विद्वानांनी अकरा निदानं केली आणि भरपूर कॉफी प्यायली. मग निर्लज्जपणे एस्किल्डला बोलावलं. मागोमाग गुद्रुनही आली.

त्याने झाकण काढून स्कोप चालू केला. "ट्रान्सफॉर्मरने ओल धरलीय. मोजून बघतो." उजव्या हाताने मापकाची दांडी उचलली. डावा खिशाकडे गेला आणि घसरला. पुन्हा गेला, पुन्हा घसरला.

"पाठीमागे धर की," मी म्हणालो.

"तिथे राहत नाही तो. आपसूक पुढे येतो." मग बायकोला म्हणाला, "उसव हे."

"कात्री नाही आणली."

"मग हात ठेवू कुठे?"

"इकडे दे. मी धरते."

"वेडी आहेस का? झटका बसला तर तुझ्यातूनही जाईल. दोघंही जाऊ."

"मग?" गुद्रुन म्हणाली.

आम्ही सगळे आपापल्या कपात बघू लागलो. मला माझीच लाज वाटली.

एस्किल्ड रेघेकडे बघत राहिला. ती फुगली, गेली. त्याने दांडी खाली ठेवली आणि प्लग काढला.

प्रदर्शनात स्कोप बंदच होता. एस्किल्ड शेजारी उभा राहून उजव्या हाताने लोकांना तो समजावत होता. डावा गुद्रुनने धरला होता.