मागून कुणीतरी म्हणालं, "येऊ द्या!"

मंडळी, आत्ताच घरी आलेय आणि आल्या आल्या हे लिहितेय.

आज आष्ट्यात मेडिकलसमोर दोन गाड्यांच्या मधल्या जागेत कार मागे घेत होते. आपल्याकडे कुणी गाडी मागे घेताना दिसलं, की एखादा अनोळखी माणूस हात हलवायला उभा राहतोच. "येऊ द्या ताई, लय जागा हाय!" मी आरसे सोडून त्याच्या हाताकडेच बघत राहिले.

धाडकन आवाज झाला. पाठोपाठ किंकाळी.

दार उघडायची हिंमतच होईना. कशीबशी उतरले. कडेच्या फटीतून माझ्या गाडीमागे घुसलेली स्कूटर आडवी पडली होती आणि तिच्याखाली एका आजोबांचा पाय. लोकांनी स्कूटर उचलली. नशीब, नुसतं खरचटलं होतं.

"माजंबी चुकलंच पोरी, मधी घुसाय नको हुतं," आजोबा म्हणाले.

गर्दी मात्र माझ्यावरच तुटून पडली. "मागं बगायचं न्हाई व्हय?" सगळ्यात मोठा आवाज त्या हात हलवणाऱ्याचा!

खरं सांगा, चूक कुणाची? त्याची, आजोबांची, की माझी?

निघताना गाडी जरा मागे घ्यायची होती. लगेच दुसरा कुणीतरी मागे उभा राहिला. "येऊ द्या!"

ब्रेकवरचा पाय उचलेचना. पुढची गाडी निघून जाईपर्यंत मी तशीच बसून राहिले.