बॉनेटमधला केस

आज सोसायटीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीची चीर फायबर लावून बुजवत होते. रेझिनचा तो उग्र, गोडसर वास जिन्यातून खाली उतरला आणि मी मनाने मरोळच्या गाळ्यात जाऊन पोचले.

सुधीरने, माझ्या नवऱ्याने, कुणीतरी हौसेने सुटे भाग जोडून बांधलेली जुनी गाडी घेतली होती. तिची फायबरची बॉडी जागोजागी तडकलेली. दर रविवारी त्या गाळ्यात तो तडे घासायचा आणि आतून काचेच्या धाग्यांची जाळी अंथरून रेझिन लावायचा. त्या धुळीने अंगाला खाज सुटायची. त्याचे कपडे मी वेगळे धुवायचे, करवादत.

एका रविवारी मी त्याचा डबा घेऊन गेले. उलट्या ठेवलेल्या बॉनेटवर वाकले आणि माझा एक लांब केस ओल्या रेझिनवर पडला.

“काढ ना रे तो!”

“आता जाळी उचलली तर सगळी वाट लागेल. राहू दे गं,” म्हणत त्याने वरून ब्रश फिरवला.

रंग मारायच्या आधीच सुधीर गेला.

आज संध्याकाळी पार्किंगमध्ये जाऊन, गाळ्यातून आणून ठेवलेल्या त्या गाडीचं कव्हर काढलं, बॉनेट उचललं. पिवळ्या पडलेल्या रेझिनखाली तो केस अजून काळाभोर आहे. माझ्या डोक्यावर तसा एकही उरलेला नाही.