देवस्थळींचं ‘नको’

चारुदत्त देवस्थळी मूळचे सांगलीचे. अडुसष्ट साली अमेरिकेत, मिनेसोटात इंजिनिअर म्हणून आले, ईडन प्रेरी गावात घर केलं, आणि पन्नाशी उलटेपर्यंत त्यांनी कुणाकडे कधी काही मागितलं नाही. कुणी आपणहून दिलं तरी आधी ‘नको’ म्हणायचं. समोरच्यानं आग्रह करायचा, आपण आणखी एकदा मान हलवायची, मग ‘बरं, थोडंसंच’ म्हणत ताट पुढं करायचं. भूक कितीही लागलेली असो, हा क्रम चुकायचा नाही.

त्यांच्या बायको मृणालिनीबाई ते सगळ्यांना सांगत. “मला बघायला आले तेव्हा पोहे नको, नको करत दोन बशा संपवल्या. आई म्हणाली, ह्यांनी मुलगी नको म्हटलं तरी घाबरू नका, आपण आग्रह करू.”

“पोहे चांगले होते,” देवस्थळी एवढंच म्हणत.

रक्तदाब वाढला आणि डॉक्टरांनी दम भरला, तेव्हा सायकल त्यांच्या आयुष्यात परत आली. सांगलीत कॉलेजला ते सायकलनंच जात. शेजाऱ्यांनी गराज सेलला काढलेली एक जुनी सायकल त्यांनी घेतली, आणि गावातल्या सायकलवाल्यांच्या गटात जाऊ लागले. बाकीचे तोकड्या, घट्ट चड्ड्यांत. हे फुलपँट घालून, पायाशी क्लिप लावून. गटात त्यांचं नाव चार्ली पडलं.

गटाची पुढारी आर्लीन लिंडक्विस्ट. ती हायस्कुलात स्पॅनिश शिकवायची आणि देवस्थळींची मुलगी दीपा तिच्याच वर्गात होती. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात आर्लीननं लायब्ररीत स्लाइड्स दाखवल्या. पुढच्या जूनमध्ये स्पेनच्या एक्स्त्रेमादुरा भागात, खेड्याखेड्यांतून सायकलनं जायचा तिचा बेत होता. पडद्यावर रस्ता उमटला. दोन्ही बाजूंना दगडी गडगे, वाळलेलं गवत, लांब लांब उभी ठेंगणी झाडं, शेळ्यांचा कळप, आणि चर्चच्या मनोऱ्यावर करकोच्यांची घरटी.

देवस्थळी खुर्चीत पुढं सरकले. घरी येऊन म्हणाले, “अगं, तो तर जतचा रस्ता आहे.”

“स्पेनमध्ये?”

“तसाच. तसंच ऊन. मामाकडं जायचो ना मी, अगदी तसाच.”

मिनेसोटा एक तर हिरवंगार, नाही तर बर्फानं पांढरं. कोरडी, तहानलेली जमीन त्यांनी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. त्या रस्त्यावरून एकदा सायकल चालवायची, एवढं एकच मागणं त्यांच्या मनात येऊन बसलं. आणि तेच त्यांना मागता येईना. स्लाइड्स संपल्यावर आर्लीननं विचारलं होतं, “चार्ली, यायचंय तुला?” ते म्हणाले होते, “नाही, नाही, आधी बाकीच्यांचं बघ.” तिनं खरंच बाकीच्यांचं बघितलं. सप्टेंबरपर्यंत एकच जागा उरली. तेव्हा ती त्यांना म्हणाली, या महिन्यातली गटाची मोठी राइड कशी होते ते बघू, मग ठरवू.

राइड मिनेसोटा नदी ओलांडून जॉर्डनवरून न्यू प्रागकडं, मक्याच्या शेतांतून होती. जॉर्डनला एका चर्चबाहेर बायकांनी टेबलावर ॲपल पाय आणि लिंबाचं सरबत मांडलं होतं. एकीनं बशी पुढं केली.

“नो, नो, थँक यू,” देवस्थळी म्हणाले.

बाईंनी हसून ती मागच्या माणसाला दिली. ऑफिसात इतकी वर्षं काढलेला माणूस, तिथलं ‘येस’ आणि ‘नो’ त्यांना चांगलं कळत होतं. पण दमल्यावर जिभेला लहानपणचीच वाट सापडते. पुढं आर्लीननं पाण्याबद्दल विचारलं, तर “आय ॲम फाइन.” कुणी केळं दिलं, तर “तूच खा.” बाटली केव्हाच रिकामी झाली होती.

न्यू प्रागच्या अलीकडं समोरून वारा सुटला. बाकीचे पुढं निघून गेले. देवस्थळींना पेडल मारवेना. एका शेतघराच्या पत्रपेटीपाशी ते उतरले ते गवतातच बसले. परसात टोमॅटो तोडत असलेल्या बाई लगबगीनं आल्या. त्या मिसेस हॅवलिक. साठीच्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या.

“बरं वाटत नाहीये का? काही आणू?”

“नो, नो. तुम्हाला उगाच त्रास.”

“बरं तर,” असं म्हणून मिसेस हॅवलिक वळल्या आणि घराकडं चालू लागल्या.

देवस्थळी त्यांच्या पाठीकडं बघत राहिले. दुसऱ्यांदा विचारायला ही बाई येणार नाही, हे त्यांना कळलं. 

“मॅडम,” ते म्हणाले. “पाणी. आणि काही खायला असेल तर.”

बाई तशाच परत फिरल्या. “मग आधी का नाही बोललात?”

ओसरीवर बसवून त्यांनी मोठा जग भरून पाणी दिलं, आणि आत खसखशीचं सारण भरलेले गोड पाव. तिथं वस्ती चेक लोकांची, ते त्यांना कोलाच म्हणतात. देवस्थळींनी एक खाल्ला, दुसरा मागून घेतला. शोधत शोधत आर्लीन गटाबरोबरची सामानाची गाडी घेऊन आली, तेव्हा त्यांच्या मिशीला खसखस लागली होती. सायकल गाडीवर चढवून ती त्यांना घरी घेऊन गेली. राइड अर्धवटच राहिली.

 वाटेत ती म्हणाली, “पाय हिवाळ्यात तयार होतील, चार्ली. पायांची मला काळजी नाही. पण मी तुला पाणी विचारलं तेव्हा तू फाइन होतास. तिकडं स्पेनमध्ये दुपारी सगळं बंद असतं, एक गाव सोडलं की पुढचं कुठल्या कुठं. तुझं फाइन खरं की खोटं, हे मी कसं ओळखायचं?”

 शेवटची जागा कुणाला, ते आर्लीन पुढच्या रविवारी तिच्या घरच्या जेवणात सांगणार होती.

घरी दीपा म्हणाली, “बाबा, इथे कोणी सेकंड टाइम विचारत नाही. यू हॅव टु से येस.”

“आणि तुझी आई विचारते ते?”

“आई इज डिफरंट.”

मृणालिनीबाईंनी खसखस घालून करंज्या केल्या, आणि शनिवारी दोघं हॅवलिकबाईंकडं गेली. बाईंनी डबा पाहिला आणि हात मागं घेतला. “अहो, काय हे! एवढं कशाला? मी काही केलं नाही. नको, नको.”

देवस्थळींनी बायकोकडं पाहिलं. असलं ‘नको’ त्यांच्या चांगल्या ओळखीचं होतं. “एक तरी घ्या,” ते म्हणाले.

“मुलांना न्या घरी.”

“मुलांसाठी घरी आहेत. ह्या तुमच्या.”

बाईंनी एक करंजी घेतली, चावली, आणि आतली खसखस बघून मोठ्यानं हसल्या. मग दुसरी घेतली. परतताना मृणालिनीबाई म्हणाल्या, “जातभाई भेटली तुमची.”

“हो. पण मी आग्रह सोडला नाही,” देवस्थळी म्हणाले. मग म्हणाले, “त्या दिवशी मी हाक मारली नसती, तर ती बिचारी आत गेली असती. तिचा काय दोष?”

रविवारी आर्लीनकडं जेवणं झाली. तिनं घसा साफ केला, तोच देवस्थळी उभे राहिले. अशा वेळी ते कधी उभे राहत नसत. कान लाल झालेले.

“आर्लीन, ती जागा मला हवी आहे. पहिल्या दिवसापासून हवी होती. मी नाही म्हणालो ते खोटं होतं.” आणि बसता बसता म्हणाले, “तहान लागली की सांगेन.”

कुणी तरी टाळी वाजवली. आर्लीन म्हणाली, “आता तू फाइन आहेस का, चार्ली?”

“नाही. मला आणखी बटाटे हवेत.”

जागा त्यांना मिळाली. हिवाळाभर ते तळघरात स्टँडवर सायकल चालवत, आणि दीपा पायरीवर बसून त्यांच्याकडून स्पॅनिशमध्ये पाणी मागून घेई. उच्चार जमेपर्यंत ती ग्लास देत नसे.

जूनमध्ये जाऊन आले. मृणालिनीबाईंना वाटलं होतं, चर्च, किल्ले, करकोचे, खूप काही सांगतील. देवस्थळींनी सांगितलं ते एवढंच. भर दुपारी ते एका गावात पोचले, सगळी दारं बंद. एका घराच्या सावलीत काळ्या कपड्यातली म्हातारी बसली होती. ते सायकलवरून उतरले आणि दीपानं शिकवलेलं वाक्य म्हणाले. म्हातारीनं आतून मातीचा, बाजूला चोच असलेला घडा आणला आणि तो उंच धरून धार कशी तोंडात सोडायची ते दाखवलं. निम्मं पाणी त्यांच्या शर्टावर सांडलं.

“अगं, माठातलं पाणी,” ते म्हणाले. “तोच मातीचा वास. अडुसष्ट सालानंतर पहिल्यांदा.”

“मग?”

“मग तिनं विचारलं, आणखी?”

“आणि तुम्ही काय म्हणालात?”

“हो म्हणालो,” देवस्थळी म्हणाले. “तिनं एकदाच विचारलं, आणि हो म्हणालो.”