नानांचं ‘शे’

धुळ्यात नानांनी मुलांसाठी संग्रहालय काढलं होतं. त्याच्या दारावर पाटी होती : ‘हात लावून पाहावे.’ कुणी पोर लाजून मागे राहिलं, तर नाना त्याचा हात धरून थेट तिफणीवर ठेवत आणि आपल्या अहिराणीत म्हणत, “देख, हाई काय शे? हात लावशी तवय समजी.”

मी जळगावचा. ट्रेनिंग कॉलेजने मला काही महिने तिथे उमेदवारीला धाडलं होतं. मुलं कुठल्या वस्तूपाशी रेंगाळतात आणि का, याचं संशोधन करायचं. मी स्टुलावर बसून बघत राही आणि जीव मुठीत धरी, कारण सुगरणीच्या घरट्यापासून भिलांच्या पाव्यापर्यंत प्रत्येक वस्तू कुणाच्या ना कुणाच्या हातात असे. नाना निवृत्त ड्रॉइंग मास्तर. दम्याने बेजार, पण हट्टाला तोड नाही.

वस्तूंच्या चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, ‘या तिफणीने पेरणी करीत असत.’ नानांनी ती चिठ्ठी माझ्यादेखत फाडली.

“असत? या पोरांचे बाप याच तिफणीने पेरतात. ‘व्हती’ म्हणू नको, ‘शे’ म्हण. ‘व्हती’ म्हटलं की पोर हात मागे घेतं.”

त्यांचं ‘शे’ म्हणजे आपलं ‘आहे’; मला तो म्हातारचळ वाटला.

संग्रहालयाच्या दोन्ही खोल्या एका शेठजींच्या होत्या. त्यांनी मुंबईहून आणलेली चिनी मातीची बाहुली मोठ्या कौतुकाने दिली होती. एक दिवस सोनी नावाच्या मुलीच्या हातून ती पडली आणि मान तुटली. सोनी रडायलाही विसरली. नानांनी तिला शेजारी बसवलं, सरस पातळ केला आणि तिच्याच हातांनी मान जोडून घेतली. “फुटनी ते फुटनी. आते तुले ठाऊक शे ती आतून कशी शे.”

शेठजींना मात्र ती भेग खुपली. ते म्हणाले, “नाना, काचेची कपाटं मी करून देतो. कुलूप लावा. नाहीतर खोल्या मोकळ्या करा.”

मी नानांना परोपरीने विनवलं. काचेतलं का होईना, संग्रहालय तरी राहील. नानांनी शांतपणे मान हलवली. “शेठ, कुलूप लागलं की हे बठ्ठं, सगळंच, ‘व्हतं’ होईल. खोल्या घ्या.”

जाताना त्यांनी प्रत्येक मुलाला एकेक वस्तू घरी दिली. मोडकी बाहुली शेठजींना नको होती, ती सोनीला मिळाली. रिकाम्या खोलीत नाना धापा टाकत बसले होते. मला त्यांचा भयंकर राग आला होता. त्याच हिवाळ्यात ते गेले. काच लावायला हवी होती, असं मला बरीच वर्षं वाटत राहिलं.

देशाचा झेंडा बदलला त्या वर्षी शाळेच्या कामाने एरंडोलला गेलो होतो. एका ओसरीवर लहानगी पोर बाहुलीला जेवू घालत होती. बाहुलीच्या मानेवर सरसाची पिवळी रेघ दिसली आणि मी थबकलो. आतून तिची आई आली. ती सोनी होती. तिने मला ओळखलं, पदर सावरून नमस्कार केला.

मी म्हणालो, “ही नानांची बाहुली होती ना?”

सोनी हसली नाही. लेकीच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, “व्हती नही, मास्तर. नानानी शे.”